दहा डायोडची जुडी

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? मालावर छापलेल्या आकड्यावर, माल विकणाऱ्याच्या तोंडावर, की स्वतःच्या बोटावर? घाई नाही, चहा उकळतोय, तोवर विचार करा. मी एकदा या तिन्हींवर एकदमच विश्वास ठेवला. आणि त्यातला माल विकणारा मीच होतो, एवढं ध्यानात असू द्या.

माझं दुकान पैठण गेटच्या मागच्या बोळात आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. कुणी जळकं कार्ड घेऊन यायचा, मी त्याच्याकडे डॉक्टरसारखं बघायचो, तोच काय झालं ते सांगायचा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच मी माझं म्हणून सांगायचो. असं करत करत गावात माझं नाव झालं की शेठला सगळं कळतं. इतक्या लोकांनी सांगितलं की शेवटी मलाही पटलं.

आता डायोड म्हणजे काय, ते आधी सांगतो. भुईमुगाच्या बारक्या दाण्याएवढा काळा तुकडा, दोन बाजूंना दोन तारा, एका टोकाला चंदेरी पट्टा. काम एकच. वीज एका बाजूनं जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही. घरातली वीज सारखी मागंपुढं वाहते आणि बॅटरीला ती एकाच दिशेनं लागते, म्हणून चार्जरमध्ये डायोड बसवायचा. दारावरचा राखणदार समजा. तो झोपला तर काय होतं, तेच तर सांगायचंय.

आमचे गफूरभाई. गंगापूर रस्त्यावर त्यांची जीप चालते, डिझेलची, जुनी. एका दुपारी घामाघूम होऊन दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"शेठ, ये बॅटरी मेरेकू कबर में लेके जाती. रोज सुबे धक्का, रोज सुबे धक्का. सवाऱ्या बोलते, पैसे भी हम दें और धक्का भी हम मारें?"

मी म्हणालो, "चार्जर बनवून देतो की. रात्रभर लावा, सकाळी किल्ली फिरवा."

"तुम बनाते?"

"मग कोण बनवतं?"

खरं सांगायचं तर तोवर मी चार्जर बनवला नव्हता. विकलं सगळं होतं, बनवलं काही नव्हतं. स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान असलेल्यानं पंगत उठवायला निघावं, तसला प्रकार.

या कामाला सहा अँपिअरचा जाड डायोड लागतो. तो नेमका संपलेला. एक अँपिअरचे बारके मात्र ढिगानं पडलेले. मी डोकं लावलं. आमचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे, त्यामुळे मला भार वाहण्याचं गणित जन्मापासून येतं. एक हमाल एक पोतं उचलतो, दहा हमाल दहा पोती उचलतात. मग एक अँपिअरचे दहा डायोड शेजारी शेजारी जोडले की दहा अँपिअर झाले. सहाच्या जागी दहा! मला तर वाटलं, कंपन्यांच्या लोकांना हे अजून सुचलं कसं नाही.

तरी खात्री म्हणून डायोडचा माहितीचा कागद काढला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. बारीक अक्षर मी सोडून दिलं, आकडे तेवढे वाचले. एक होता हजार व्होल्ट. दुसरा तीस अँपिअर. तिसरा एक अँपिअर, तो आधीच माहीत होता. मी म्हणालो, बघा, बॅटरी बारा व्होल्टची आणि आपला डायोड हजारचा. शिवाय तीस अँपिअरसुद्धा कागदावरच लिहिलेत. आपण तर एकेकट्याकडून एकच मागतोय. याहून सज्जन मालक कुठल्या डायोडला मिळणार?

दहा डायोड घेतले, तारा आखूड कापल्या, उगाच लांब लोंबकळलेल्या मला आवडत नाहीत. नीट एकत्र बांधून कोथिंबिरीसारखी जुडी केली आणि वरून घट्ट टेप गुंडाळली. अशा दोन जुड्या, एक ट्रान्सफॉर्मर, एक पत्र्याचा डबा. चालू करून बोट लावून बघितलं. आमच्याकडे बोटाची परीक्षा मोठी. बोट टिकलं म्हणजे माल टिकला. डिसेंबरचा महिना, डोक्यावर पंखा, बॅटरी अर्धी भरलेली. बोट मजेत टिकलं.

एकच खटकलं. डबा हलवला की आतून खडखड वाजायचं. आता व्यापारी माणूस मी. गिऱ्हाइकानं कुठलीही वस्तू हातात घेतली की ते आधी कानाशी नेऊन हलवतं. वाजली की म्हणतं, आत काहीतरी सुटलंय. म्हणून मी डब्यात गादीचा फोम ठासून भरला. फटीसुद्धा टेपनं बंद केल्या. आता हलवा किती हलवायचं ते. गफूरभाईंनी हलवून बघितलं आणि म्हणाले, "वा शेठ, एकदम कंपनी का माल."

आणि खरंच सांगतो, हिवाळाभर तो चार्जर चालला. इतका चालला की मी तसाच दुसरा बनवून ठेवला.

तो दुसरा कुणासाठी, ते ऐका. आमची प्रज्ञा, एकुलती एक लेक, बँकेत आहे. तिचं आणि पाचोडच्या राहुलचं जमलं होतं. मुलगा वाळूजला कारखान्यात मशिनांच्या दुरुस्तीचं बघतो. दोघांची पसंती झालेली, फोनवर आमच्यापेक्षा त्यांचंच जास्त बोलणं व्हायचं. राहिलं होतं ते एवढंच की आम्ही त्यांच्या घरी जायचं, बोलणी पक्की करायची आणि तारीख धरायची. राहुलचे वडील निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. फोनवर बोलता बोलता म्हणाले की ट्रॅक्टरची बॅटरी फार मान टाकते. झालं. मी म्हणालो, "गुरुजी, काळजी सोडा. येताना माझ्या हातचा चार्जर घेऊन येतो."

मे महिना. पाचोडला जायचं ठरलं ते गफूरभाईंच्याच जीपनं. जायच्या आदल्या रात्री गफूरभाईंनी जीपला चार्जर लावला आणि डबा शेडच्या पत्र्याला टांगून झोपले. दिवसभर तापलेला तो पत्रा रात्रीही शेगडीसारखा. सकाळी आम्ही सगळे तयार. मी नवा सदरा, माझी बायको कांता पांढऱ्या साडीत, प्रज्ञा तर इतकी खुशीत की तिनं मला न विचारताच माझ्या केसांना कलप लावून दिला होता. बोळाच्या तोंडाशी जीप आली. आली म्हणजे, चार माणसं ढकलत घेऊन आली.

गफूरभाई उतरले. चेहरा उतरलेला. हातातला डबा माझ्या नाकाशी धरला. आतून जळक्या फोमचा वास.

"शेठ, तुमारा डब्बा बॅटरी भरा नै. पी गया."

"पी गया म्हणजे?"

"कल आधी थी. आज पूरी खाली."

चार्जरनं बॅटरी रिकामी केली, असं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुसरी गाडी ऐन लग्नसराईत मिळेना. शेवटी तसाच धक्का मारला. नव्या सदऱ्यात मी, गफूरभाईंचा मेव्हणा आणि रस्त्यातले दोन भले लोक. औषधाच्या दुकानापर्यंत ढकलल्यावर जीप धडधडली.

"डिझेलच्या गाडीचं बरं असतं," मी धापा टाकत कांताला म्हणालो. "एकदा चालू झाली की बॅटरी लागत नाही."

"आणि बंद केली की?"

"करायचीच नाही."

प्रज्ञानं माझ्या मांडीवरचा दुसरा डबा बघितला. वर मी स्वतः लाल रिबीन बांधली होती. "पप्पा, तो इथंच ठेवा."

"अगं, गुरुजींना शब्द दिलाय."

"मग शब्दच द्या. डबा नको."

पण मी डबा घेतला. मोकळ्या हातानं जाणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. शिवाय एक बिघडला म्हणून दुसरा बिघडेलच असं थोडंच आहे?

बीड बायपास, आडूळ, पाचोड. रस्ताभर जीप झकास चालली. दारात गुरुजी उभे, मागे राहुल, त्याची आई, शेजारची मंडळी. जय भीम झाला. गुरुजी म्हणाले, "ड्रायव्हर साहेबांना म्हणा गाडी बंद करा, तेही येऊ द्या आत. चहा ठेवलाय."

इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. पण हातात रिबीन बांधलेला डबा. ज्या डब्यानं गाडीचे हे हाल केले, त्याचाच सख्खा भाऊ मी भेट म्हणून आणलेला. तोंडातून निघालं, "राहू द्या गुरुजी, इंजिन तापलंय. एकदम बंद केलेलं चालत नाही."

"असं व्हय," गुरुजी म्हणाले.

आत बसलो. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं. खिडकीबाहेर जीप भडभडत होती. गुरुजींचा आवाज मुळात शांत, पण जीपपुढं तो ऐकू येईना म्हणून त्यांना वर्गात ओरडतात तसं म्हणावं लागलं. पंचशील संपलं. जीप संपली नाही.

चहा आला. राहुलची आई म्हणाली, "दादा, अजून नाय का निवलं इंजिन?"

"तसं नाही ताई," मी म्हणालो, "वाटेत आडूळला एकांना भेटायचंय, म्हणून जरा..."

कांतानं चिमटा काढला तेव्हा कळलं की मी काय बोललो. त्या माउलीनं पहाटेपासून पुरणाचा घाट घातला होता. आतून वास येत होता. तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि जावेला म्हणाली. हळूच म्हणायचं असेल तिला, पण बाहेर जीप असल्यामुळे त्या घरात त्या दिवशी हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून मोठ्यानंच म्हणावं लागलं: "पोरगं पसंत नाय वाटतं त्यांला. गाडी दारात चालूच ठेवलीया. कवा पळू अन् कवा नको असं झालंय."

सगळ्यांनी ऐकलं. राहुल पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता तो तसाच उभा राहिला. प्रज्ञानं माझ्याकडं असं बघितलं की तो कलप उतरून केस पुन्हा पांढरे झाले असतील.

गुरुजी भले माणूस. विषय बदलावा म्हणून त्यांनी डबा हातात घेतला. कानाशी नेऊन हलवला. बघा, मी म्हणालो नव्हतो? "छान आहे हो. काही वाजत नाही. राहुल, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आण, लावूनच बघू."

माझ्या डोळ्यांपुढं धूर दिसला. मी डब्यावर हात ठेवला. "आज नको, गुरुजी."

"का हो?"

आता काय सांगू तुम्हाला, माणूस घाबरला की त्याच्या तोंडून कुणाचंही वाक्य निघतं. मी म्हणालो, "आज मुहूर्त नाही."

गुरुजींनी एकदा तसबिरींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मुहूर्त?" ते म्हणाले. "आपण कधीपासून मुहूर्त बघायला लागलो?"

"तसं नाही, म्हणजे विजेच्या वस्तूंचं जरा..."

"शेठ," गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस. पोरगं दाराकडं डोळा ठेवून बसलं की मला कळतं. गाडी चालू, जेवायला थांबायचं नाही, आणलेल्या भेटीला हात लावू देत नाही, वर मुहूर्त. तुमचं मन नसेल तर मोकळं सांगा. राग धरणार नाही. पण पोरांना असं टांगून ठेवू नका."

ज्या लेकीच्या लग्नासाठी आलो होतो, तिचं लग्न मी स्वतःच मोडत होतो, आणि तेही एका डब्याची अब्रू वाचवायला.

तेवढ्यात जीप बंद पडली.

अशी शांतता मी कधी ऐकली नाही. चुलीवरची पोळी फुगल्याचासुद्धा आवाज आला. मग दारात एक म्हातारबाबा उभे राहिले, शेजारचे दाजीबा, तोंडभर हसत. "बंद केली म्या. ड्रायवर पाणी प्यायला गेलता. फुकट डिझेल जळत व्हतं, कुणाचं ध्यानच नाय." त्यांच्या मागून गफूरभाई धावत आले, मिशीवरून पाणी ओघळतंय. "अरे बाबा, क्या कर दिए तुम? अब ये चालू कैसी होती?"

प्रज्ञा उठून उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "पप्पांचं मन आहे. बॅटरी नाही."

आणि तिनं सगळं सांगितलं. चार्जर, वास, धक्का, औषधाचं दुकान. अधूनमधून गफूरभाई पुरवणी जोडत होते: "हौ ना, पी गया, पूरी पी गया." सगळ्यात आधी हसली ती राहुलची आई. पदर तोंडाला लावून हसता हसता ती खालीच बसली. मग कांता. मग गुरुजी. मी सोडून सगळं घर हसत होतं.

राहुलनं तोवर स्क्रू काढून डबा उघडला होता. फोम बाहेर ओढला, टेप कापली, जुडी तळहातावर घेतली. पोरगं हसलं नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त म्हणाला, "काका, हे तुम्ही बांधलेत?"

"हो. दहा आहेत. हजार व्होल्टचे."

"हजार व्होल्ट म्हणजे उलट बाजूनं अडवायची ताकद. बारा व्होल्टच्या बॅटरीला तिचा काय उपयोग?"

"आणि ते तीस अँपिअर?"

"ते एका झटक्यापुरतं. पापणी लवायच्याही आत संपणारा झटका. रोजचा भार एकच अँपिअर, आणि तोही मोकळ्या हवेत, पाय लांब ठेवून. तारेतूनच उष्णता बाहेर पडते. तुम्ही पाय कापलेत, दहा जणांना एकमेकांना बांधलंत, वर गादी घातलीत."

"पण भार दहा जणांत वाटला जातो ना?"

"नाही ना जात, काका. ज्याच्यातून थोडी जास्त वीज जाते तो जास्त तापतो, आणि जो जास्त तापतो त्याच्यातून अजून जास्त जाते. बाकीचे नुसते उभे. शेवटी त्या एकाची वाट लागते. तो आतून जोडला गेला की मग दोन्हीकडून रस्ता उघडा. घरातला फ्यूज उडाला की बॅटरी त्याच वाटेनं उलटी रिकामी होते."

मोंढ्यातले हमाल असे नव्हते हो. एक वाकला की दुसरा हात द्यायचा. मी डायोडना माणूस समजलो, तिथंच चुकलो.

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "शेठ, बोलणी करायची राहिलीच आहेत. आमची देण्याघेण्याची काही अट नव्हतीच. आता एक घालतो."

"घाला."

"लग्नात पोरीला विजेवर चालणारं काही द्यायचं नाही."

"कबूल," प्रज्ञा म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

तारीख धरली. पुरणपोळ्या झाल्या, गफूरभाईंना तर आग्रह करकरून वाढलं. ऊन उतरल्यावर निघायची वेळ आली. जीपमागं अर्धी गल्ली जमली. गुरुजींनी धोतर खोचलं, राहुलनं बाह्या सारल्या, दाजीबा प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांत पुढं. मी हात वर करून सांगायला लागलो, कोण कुठं, जोर कधी. ढकलण्यात माझा अनुभव ताजा होता.

आतून प्रज्ञा म्हणाली, "गफूरचाचा, आधी एकदा किल्ली तर फिरवून बघा."

गफूरभाईंनी मला बघून डोळा मारला, पोरीचं मन राखू म्हणून, आणि फिरवली. जीप एका दमात चालू झाली.

सगळे हात टेकवून तसेच वाकलेले. मग एकेक जण सरळ झाला आणि माझ्याकडं बघायला लागला.

राहुल हळूच म्हणाला, "काका, इंजिनावर पट्ट्यानं फिरतो ना, तो अल्टरनेटर. गाडी चालली की तो बॅटरी भरतो. शहरापासून इथपर्यंत आलात, वर इतका वेळ दारात चालू ठेवलीत. पुरेशी भरली असणार."

म्हणजे? म्हणजे आम्ही दारात आलो तेव्हाच किल्ली फिरवून गाडी बंद केली असती, तरी चाललं असतं. त्रिशरण शांततेत झालं असतं. आडूळ नको, मुहूर्त नको, काहीच नको.

"त्या अल्टरनेटरमध्ये पण डायोड असतात," राहुल म्हणाला. "मोठे. धातूच्या ताटलीत बसवलेले, गरमी निघून जावी म्हणून."

असतात, मला माहीत आहे. मी विकतो ते.

परतताना जीपमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही, पण तिघंही हसत होती आणि गफूरभाई तर गाणं म्हणत होते. हल्ली पैठण गेटला ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. कुणी म्हणतं शेठनं जीप पाचोडपर्यंत ढकलत नेली, कुणी म्हणतं ट्रॅक्टर पेटला, कुणी तर लग्नच मोडवलं. तुम्ही आता खुद्द माझ्या तोंडून ऐकलंत. पुढं सांगालच, माणसाला राहवत नाही. सांगा. फक्त एवढी विनंती आहे की हिशोब खरा ठेवा: ढकललं ते औषधाच्या दुकानापर्यंतच, पेटलं कुणीच नाही, आणि जे डायोड जळाले ते मी बांधलेले, जे चालले ते दुसऱ्या कुणीतरी बसवलेले. त्यात माझ्या बाजूला काही जास्त धरू नका.